दोन खापरं आणि सहाशे चाळीस कुपनं

आमच्या हॉटेलात खापरं दोन आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या 'दोन'मुळेच घडलं.

धुळ्यात साक्री रोडला आमचं आठ टेबलांचं हॉटेल. मुख्य पदार्थ मांडे थाळी. खान्देशाबाहेरच्या ज्यांनी मांडे होताना पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खापर म्हणजे पालथं घातलेलं मोठं मातीचं भांडं, त्याच्या खाली लाकडांचा जाळ. गहू ओलवून दळायचा, पीठ वस्त्रगाळ करायचं, ते तिंबून तिंबून रबरासारखं ताणेल असं करायचं, पुरण भरायचं आणि पोळपाट-लाटणं न घेता दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरत न्यायचं. मग एका हिसक्यात खापरावर टाकायचं. हे काम हाताचं आहे, त्यात घाई चालत नाही. घाई केली की मांडा फाटतो आणि पुरण खापरावर जळतं. एका बाईच्या हातून तासाला वीस मांडे निघतात, फार तर बावीस. थाळीत मांडे दोन. म्हणजे दोन्ही खापरं मिळून तासाला वीस थाळ्या, दुपारच्या तीन तासांत साठ. एकसष्टावी निघत नाही. हा हिशेब मला २०११ पासून, म्हणजे हॉटेल टाकल्यापासून, तोंडपाठ आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात मात्र मी तो विसरलो.

मार्च संपत आला होता. दुपारचे चार, हॉटेल रिकामं, मी गल्ल्यावर पेंगत होतो. नाशिकहून आलेला एक पोरगा आत शिरला. आमच्याकडच्या उन्हात त्याने टाय घातला होता. मला दयाच आली, आधी पाणी दिलं. त्याच्या कंपनीचं मोबाईलवर कुपनं विकायचं ॲप होतं. हॉटेलं, ब्यूटी पार्लर, दातांचे डॉक्टर, वॉटर पार्क, सगळ्यांची निम्म्या दरातली कुपनं. गिऱ्हाईक ॲपवर पैसे भरून कूपन घेणार, आपल्याकडे येऊन कोड दाखवणार, आपण तो टाकायचा, आठवड्याने पैसे खात्यात.

"दादा, ही टेबलं आत्ता रिकामी आहेत ना? रिकाम्या खुर्चीचं भाडं तुम्ही देताच आहात," तो म्हणाला.

मुद्दा बिनतोड होता. आजही मला तो बरोबरच वाटतो. फक्त त्याने विकलं काय ते बघा.

थाळी दोनशेची. कूपन ९९ रुपयांचं. त्यातले पंचवीस टक्के कंपनीचे आणि कमिशनवर अठरा टक्के जीएसटी. माझ्या हातात पडणार सत्तरला वीस पैसे कमी. थाळीचा माझा खर्च सहासष्ट रुपये किराणा, दूध, तूप आणि अठ्ठावीस रुपये बायांची मजुरी व लाकूडफाटा, असा चौऱ्याण्णव. जागेचं भाडं यात नाही. म्हणजे दर कुपनामागे चोवीस रुपये घरातून घालायचे.

"हा तोटा नाही दादा, हा मार्केटिंगचा खर्च आहे. पेपरात जाहिरात दिली तर पैसे आधी जातात आणि गिऱ्हाईक येईलच असं नाही. इथं गिऱ्हाईक आलं तरच खर्च." शिवाय तीसेक टक्के लोक कूपन घेऊन विसरून जातात, हेही त्याने डोळा मारून सांगितलं. वर कांद्याची गोष्ट ऐकवली. कांद्याचं नाव काढलं की आमच्याकडचा माणूस सरसावून बसतो. २०१३ च्या सप्टेंबरात बाजारात कांदा साठीच्या वर गेला होता, तेव्हा ग्रुपॉन या अमेरिकेतल्या कूपन विकणाऱ्या कंपनीने भारतात नऊ रुपये किलोने कांदा विकायला काढला आणि गर्दीने त्यांची वेबसाइट बसली. ती बातमी मी वाचली होती. पण त्या कांद्यातला फरक कंपनीने नाव व्हावं म्हणून स्वतःच्या खिशातून सोसला होता. माझ्या थाळीतला फरक कोण सोसणार, हे मी विचारलं नाही.

फॉर्म त्यानेच भरला. मी सही केली. 'वैधता' या रकान्यात 'सर्व दिवस, ६० दिवस' असं होतं. 'कमाल संख्या' हा रकाना रिकामा होता. रिकामा म्हणजे शून्य असं मी समजलो की काय, देव जाणे. रिकामा म्हणजे अमर्याद.

शुक्रवारी, १२ एप्रिलला डील सुरू झालं. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, लोक घरी बसून मोबाईल चाळत होते. सोमवारी सकाळी मी ॲप उघडलं तर सहाशे चाळीस कुपनं विकली गेली होती. पहिल्यांदा छाती फुगली. बायकोला हाक मारून दाखवलं. तिने आकडा बघितला आणि विचारलं, "काकूंना सांगितलं का?" काकू म्हणजे आमच्या मांडे करणाऱ्या बाई. तिथे मला घाम फुटला. मी फोन करून डील बंद करायला लावलं. त्यालाही दुपार झाली.

त्याच वेळी जाहिरातीतला फोटो नीट बघितला. आमच्या थाळीचा नव्हताच तो. कुठूनतरी उचललेली, लाटून तव्यावर भाजलेली पुरणपोळी आणि शेजारी वाटी भरून आमरस. आमच्या थाळीत मांडे, रशी (म्हणजे कटाची आमटी), दूध, भात, भजी, कुरडई आणि तूप असतं. आमरस वेगळा, चाळीस रुपये वाटी, कारण एप्रिलात आंबा काय भावाने मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. ॲपवर गिऱ्हाइकाने फोटो पाहून पैसे भरलेले. आता त्याला काय सांगणार? पहिल्या आठवड्यात 'रस कुठाय?' या एका प्रश्नाचं उत्तर मी इतक्या वेळा दिलं की शेवटी भिंतीवर कागद चिकटवला. कागद वाचून लोक आणखी चिडले.

२१ एप्रिलचा रविवार मी विसरणार नाही. बाहेर लोकसभेच्या प्रचाराचे भोंगे, ऊन बेचाळीसच्या पुढे, आणि साडेबारालाच दारात तीस माणसं. शिरपूरहून एक कुटुंब आलं होतं, सहा जण, गाडी करून. येण्याजाण्याचा शंभर किलोमीटरचा प्रवास आणि वाचणार सहाशे रुपये. तासभर बाहेर उभे राहिले, लहान पोरगं रडायला लागलं. त्या गृहस्थाने मला विचारलं, "तुमचा माल एवढा नव्हता तर विकला कशाला?" मी म्हणालो, मी विकला नाही, ॲपने विकला. उत्तर तोंडातून निघाल्याबरोबर मलाच कसंसं झालं. सही माझीच होती.

आत चुलीपाशी दोघी. काकू साक्रीकडच्या, माझ्या आईच्या वयाच्या, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली मावशी. काकूंचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, पदर कमरेला खोचलेला, चेहरा जाळाने लाल. मी डोकावून म्हटलं, "काकू, जरा हात उचला." त्यांनी वर न बघता विचारलं, "भाऊ, इतला लोके कोठून उनात?" म्हणजे, इतके लोक कुठून आले? मी कूपन म्हणजे काय ते सांगायला लागलो. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. "मी काय मशीन शे का?"

त्या दिवशी मांडे जाड झाले. पीठ मुरायला वेळ मिळाला नव्हता. पातळ, आरपार दिसणारा मांडा ही आमची ओळख, आणि त्या दिवशी आम्ही जवळपास पोळ्या वाढल्या. नेटवर्क जात होतं, कोड पडत नव्हते, पोऱ्या मोबाईल उंच धरून फाटकापर्यंत पळत होता. तीननंतर भात आणि रशी उरली, मांडे संपले. अकरा जणांना परत पाठवलं. दर रविवारी येणारं एक डॉक्टर कुटुंब दारातली गर्दी बघून गाडीतूनच वळलं. मी हात केला, त्यांनीही हात केला. त्यानंतर त्या हंगामात ते आले नाहीत.

आता माझी लाज वाटणारी गोष्ट. दुसऱ्या आठवड्यात मी वाढप्याला सांगितलं की कूपनवाल्यांच्या वाटीत तूप एकच चमचा. बाकीच्यांना दोन. चमच्यामागे चार-पाच रुपये वाचतील असा विचार. माझं मन मला सांगत होतं की ही माणसं अर्ध्या पैशात आलीत, त्यांना काय कळतंय. खरं तर त्यांनी मागितलं नव्हतं, मीच दिलं होतं. पण रोज चोवीस-चोवीस रुपये जाताना दिसायला लागले की माणसाचं डोकं असंच चालतं. बाहेरून ही माणसं गिऱ्हाईक, आतून आमच्या तोंडी त्यांचं नाव 'कूपन'. "तीन नंबरवर चार कूपन बसलेत."

तीन नंबरवर एक दिवस देवपूरचे एक निवृत्त गुरुजी बसले होते. आमचं जुनं गिऱ्हाईक, महिन्यातून दोनदा ठरलेलं. पुण्याच्या मुलाने त्यांना हौसेने कूपन पाठवलं होतं, मोबाईल त्यांनी पोऱ्याच्या हातात दिला. थाळी आली. त्यांनी तुपाच्या वाटीकडे पाहिलं, मग शेजारच्या टेबलावरच्या वाटीकडे. काही बोलले नाहीत. जेवायला सुरुवातही केली नाही. मला बोलावलं आणि हळूच म्हणाले, "हे कूपन राहू दे. दोनशे घे. माझी रोजची वाटी आण."

मी तूप आणलं. पैसे घेतले नाहीत, पण त्यांनी ते ताटाखाली ठेवलेच. त्या रात्री वाढप्याला सांगून चमचे पूर्ववत केले. कुणीही आला तरी दोन.

मे उजाडला आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. ७ तारखेला, मंगळवारी. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, घरोघरी मांडे आणि आमरस असतो, झाडांना झोके बांधलेले असतात. हॉटेलात त्या दिवसांत काकू दोन दिवस सुट्टी घेतात, कारण त्यांच्याही लेकी येतात. दर वर्षी आम्ही फक्त मावशीच्या हातचे पार्सलचे मांडे विकतो, तेही आगाऊ मागणी घेऊन. पण कुपनावर लिहिलेलं होतं 'सर्व दिवस'. घरी ज्यांच्याकडे मांडे करणारं कुणी उरलेलं नाही, त्यांनी आखाजीसाठीच कुपनं राखून ठेवली होती. आणि आदल्या रविवारी दुपारी ऐन गर्दीत मोठं खापर तडकलं. सकाळपासून जाळ कमी केलाच नव्हता, वरून पाण्याचा हात लागला, फट्‌ असा आवाज आला आणि कडेपासून मध्यापर्यंत चीर गेली. जुनं खापर होतं, वर्षानुवर्षं तापून तयार झालेलं. कुंभाराकडून घाईने दोन नवी आणली. नव्या खापराला मांडा चिकटतो, ते मुरायला दिवस लागतात. आखाजीला एक खापर, एक बाई आणि दारात कुपनं. ज्यांना मांडे देता आले नाहीत त्यांना मी गल्ल्यातून रोख ९९ रुपये परत दिले. ते पैसे कंपनीकडून वसूल झाले नाहीत. कोड 'वापरला' असं दाखवत होता म्हणे.

काकू आखाजीनंतर तीन आठवडे आल्या नाहीत. खांदा धरला होता. मला तेवढंच सांगितलं, जास्त बोलल्या नाहीत. मी घरी जाऊन बसलो, चहा घेतला, परत आलो.

मुदत संपल्यावर जूनमध्ये वही घेऊन बसलो. विकलेली ६४०, आलेली ५११. माझा घातलेला पैसा बारा हजारांच्या आसपास. जास्तीचे मांडे, आमरस, पाण्याच्या बाटल्या यातून तीनेक हजार सुटले, ते वजा. न आलेल्या १२९ कुपनांचे पैसे आपल्याला अर्धे तरी मिळतील अशी माझी समजूत होती. करारात तसं नव्हतं. आपण कोड टाकला तरच आपले पैसे, नाहीतर सगळे कंपनीचे. म्हणजे कंपनीला न आलेल्यांचे पावणेतेरा हजार आणि आलेल्यांवरचं कमिशन साडेबारा हजार. चुलीपाशी उभं न राहता पंचवीस हजार. विसरणाऱ्या गिऱ्हाइकाचं सांगताना तो पोरगा डोळा मारत होता तो माझ्या वतीने नव्हता, हे तेव्हा कळलं.

पण हिशेब इथेच थांबवला तर तो खोटा ठरेल. मी कोड टाकताना लोकांचे नंबर लिहून घेत होतो. दिवाळीपर्यंत त्यातली सदतीस घरं पूर्ण पैसे देऊन परत आली. चार ताटांचं एक बिल धरलं तर माझा तोटा कागदावर भरून निघतो, वर चार पैसे राहतात. त्या शिरपूरच्या कुटुंबाचं नाव त्यात नाही. नंदुरबारचे एक वकील आहेत, ते आजही येतात आणि 'आम्ही कुपनाचे' अशी स्वतःच थट्टा करतात. अडचण अशी की परत आलेले वहीत लिहिता येतात, गेलेले नाही. डॉक्टर गेले ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून माहीत. न पाहिलेले किती?

पुण्याला आयटीत असलेल्या भाच्याला हे सगळं सांगितलं तर तो हसायला लागला. मामा, हे सगळं आधीच होऊन गेलंय, म्हणाला. ग्रुपॉन शिकागोत २००८ मध्ये सुरू झालं, पहिलं कूपन त्यांच्याच इमारतीत खाली असलेल्या बारच्या पिझ्झ्याचं होतं, निम्म्या भावात. आपल्याकडचं स्नॅपडीलसुद्धा २०१० मध्ये कुपनांवरच सुरू झालं आणि पुढे वस्तू विकण्याकडे वळलं. इंग्लंडात रेडिंगजवळच्या एका छोट्या बेकरीने २०११ मध्ये कपकेकवर पंचाहत्तर टक्के सूट दिली, साडेआठ हजार लोकांनी घेतलं, तिला एक लाख दोन हजार कपकेक करावे लागले आणि साडेबारा हजार पौंड बुडाले. तिनेही कमाल संख्या घातली नव्हती. हे ऐकून मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

अमेरिकेत राइस विद्यापीठातले प्राध्यापक उत्पल ढोलकिया यांनी २०१० मध्ये असं कूपन काढलेल्या दीडशे धंद्यांना विचारलं होतं, तेही त्याने वाचून दाखवलं. सहासष्ट टक्क्यांना फायदा झाला होता, बत्तीस टक्क्यांना नाही, आणि चाळीस टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले की पुन्हा असं करणार नाही. हॉटेलवाल्यांचं सगळ्यात वाईट चाललं, पार्लर-स्पावाल्यांचं चांगलं. मला त्यातलं एक वाक्य लागलं: कूपन फायद्याचं ठरलं की नाही याचा सगळ्यात मोठा संबंध नोकरमाणसं खूश होती की नाही याच्याशी होता. मी भाच्याला म्हटलं, हे सांगायला प्राध्यापक कशाला, काकूंना विचारायचं.

पार्लरचं मात्र मला घरातच पटलं. बायकोने त्याच ॲपवरून केसांच्या स्पाचं कूपन घेतलं होतं. तिथे मालकिणीने सोमवार ते गुरुवार, अकरा ते चार एवढीच वेळ दिली होती आणि एकूण पन्नासच कुपनं. खुर्ची एरवी रिकामीच, सामान जेमतेम साठ-सत्तर रुपयांचं. बायकोचे केस बघून तिने रंगाचं सुचवलं, तो पूर्ण दराने. आता बायको दर दोन महिन्यांनी जाते आणि पूर्ण पैसे देते. ॲप तेच, फॉर्मही तोच. त्या बाईने दोन रकाने भरले होते, मी नाही. गिऱ्हाइकाचंही तेच: माझ्या बायकोला आरामात निम्म्या पैशात स्पा मिळाला, आणि माझ्याकडे आलेल्यांनी शंभर रुपयांसाठी उन्हात तासभर उभं राहून जाड मांडा खाल्ला.

त्याच ऑगस्टमध्ये गुरुग्राममधल्या हॉटेलवाल्यांनी सवलतींच्या ॲपवरून बाहेर पडायची मोहीम काढल्याची बातमी आली. मोठमोठी हॉटेलं, शेकड्यांनी. माझं ॲप तोवर मोबाईलमधून गेलेलं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते फार मोठं नाही. बुधवार-गुरुवार आमच्याकडे शुकशुकाट असतो. जवळच्या बँकेत आणि कॉलेजात हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या दिल्या: बुध-गुरु, साडेबाराच्या आत आलात तर वर एक मांडा माझ्याकडून, ज्यादा पैसे नाहीत. दिवसाला बाराच चिठ्ठ्या. बारा हा आकडा काकूंना विचारून ठरवला. कधी बारा येतात, कधी तीन. चिठ्ठीवाला आला की काकू बाहेर डोकावून बघतात, कोण आहे ते.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा एक फोन आला. कंपनी वेगळी, मुलगी बोलत होती, पण वाक्यं तीच, रिकाम्या खुर्चीचंसुद्धा. मी विचारलं, दिवस आणि संख्या मी ठरवू शकतो का? ती म्हणाली, ठरवू शकता सर, पण मग डील वर दिसणार नाही. तुमची कपॅसिटी काय आहे? मी म्हटलं, दोन खापरं. तिला कळलं नाही. सांगितल्यावर म्हणाली, "मग एक वाढवा ना सर."

तिसरं खापर आहे आमच्याकडे. आखाजीच्या घाईत आणलेल्या दोनांपैकी एक चुलीवर चढलं, दुसरं उरलं. काकूंनी ते सुलटं करून मागच्या दाराशी ठेवलंय, माती भरून. सध्या त्यात कोथिंबीर आहे.